नीलाक्काची खणाची पिशवी

आमच्या रिक्षा स्टॉपच्या डोक्यावर एक फ्लेक्स लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजलीचा. कोल्हापुरात वाढदिवस असो की मयत, फ्लेक्स काही चुकत नाही, त्यामुळे त्याचं मला काही वाटत नाही. पण हा फ्लेक्स नीलाक्काचा आहे, आणि त्यात नीलाक्कापेक्षा बापूसाहेबांचा फोटो मोठा आहे. बापूसाहेब हयात आहेत, ठणठणीत आहेत. खाली आमच्या आकाशदर्शन मंडळाच्या कार्यकारिणीचे फोटो टपालाच्या तिकिटांसारखे ओळीनं चिकटवलेत. त्या ओळीत मीही आहे. मला कुणी विचारलं नव्हतं.

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. पण मधोमध नीलाक्काचा जो फोटो छापलाय त्यात ती एका मुख्याध्यापिकेसमोर उभी आहे, हातात खणाची छोटी पिशवी आहे, आणि खाली लिहिलंय, ‘ग्रामीण शाळांना दुर्बिणीचे आयपीस भेट देताना मंडळाच्या मार्गदर्शिका’. हे धडधडीत खोटं आहे. त्या फोटोत नीलाक्का काही देत नाहीये. ती काढून घेतेय. मी तिच्या शेजारीच उभा होतो. रोज दूध आणायला जाताना मी तो फ्लेक्स बघतो आणि रोज माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, पलीकडच्या रस्त्यानं जात जा. मी का म्हणून जाऊ?

नीलाक्का म्हणजे नीलांबिका. माहेर संकेश्वरचं, सासर कोल्हापूरचं. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रागावली की दोन्ही. महाद्वार रोडला त्यांचं लुगड्यांचं आणि खणांचं दुकान. नवरा गेल्यावर मुलगा मोठा होईपर्यंत ती गादीवर बसली, आणि मुलगा मोठा झाल्यावरही उठली नाही. उंचीनं बेताची होती, आवाजानं नव्हती. अंगावर इरकल, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि समोरच्याकडं बघण्याची अशी तऱ्हा की आपल्या सदऱ्याचं बटण तुटलंय की काय असं वाटून माणूस छाती चाचपायचा. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ती पूजेला बसायची तेव्हा तिची नजर त्याच्यावरून ढळायची नाही. ‘‘रोज सकाळी नजर ठरवायला बसतो आमी,’’ ती म्हणायची. ‘‘आमास्नी बघायला कुणी शिकवू नगा.’’

तिची आणि आमची गाठ पडली ती काळ्या कापडावरून. मंडळानं तेव्हा नवी मोठी दुर्बीण बनवली होती. तिची नळी म्हणजे नुसता सांगाडा होता, त्यामुळे आजूबाजूचा उजेड आत शिरू नये म्हणून तिला काळ्या कापडाचं आवरण शिवायचं होतं. मी आणि रफिक त्यासाठी बाजारात हिंडत होतो. रफिक घड्याळं दुरुस्त करतो आणि आमच्या दुर्बिणीही. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. दोघांनाही कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं. नीलाक्कानं ठाण काढलं, उलगडलं, दाराशी नेऊन उजेडात धरलं आणि परत गुंडाळायला घेतलं.

‘‘का ओ अक्का?’’ रफिकनं विचारलं.

‘‘उजेड नको म्हणताय न्हवं? ह्यातनं गळतोय की. हे तुमाला इकणार न्हाई.’’

आम्ही म्हणालो, चालतंय, थोडाफार. त्यावर ती तडकली. ‘‘चालतंय म्हंजे? तुमाला चालतंय, त्या दुर्बिणीला चालतंय का इच्यारलंसा?’’ मग तिनं आतून दुसरं ठाण काढलं, ते दुहेरी लावायला सांगितलं, आणि त्या शनिवारी आपलं कापड नीट शिवलंय का बघायला आम्ही दुर्बिणी लावायचो त्या कळंब्याच्या तळ्यावर स्वतः हजर झाली. आवरण तपासून झाल्यावर कुणीतरी तिला म्हणालं, आता आलाच आहात तर शनी बघून जा. तिनं बघितला. डोळा बाजूला करून पहिला प्रश्न विचारला तो शनीबद्दल नव्हता. ‘‘ह्ये मधी चांगलं दिसतंय आन् कडंला गेल्यावर फाटतंय. असं का?’’

हौशी लोकांना हे समजायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दुर्बिणीला आपण जिथं डोळा लावतो ते अंगठ्याएवढं नळकांडं म्हणजे आयपीस. मोठा आरसा उजेड गोळा करतो. तो आपल्या डोळ्यापर्यंत नीट आणायचा की वाटेत सांडायचा, हे आयपीस ठरवतं. वाईट आयपिसात ताऱ्याचा ठिपका कडेला सरकला की त्याला पंख फुटतात. लोक मोठमोठ्या दुर्बिणी घेतात आणि आयपिसापाशी हात आखडतात. नीलाक्काच्या भाषेत सांगायचं तर पैठणी घेऊन तिला मांजरपाटाचं अस्तर लावतात.

त्या दिवसापासून आमच्या मंडळात एक रिवाज पडला. कुणी ठरवला नाही, ठराव झाला नाही, पण नवा आयपीस आला की तो आधी नीलाक्काकडे कसबा बावड्याला जायचा. तिथं त्यांचं नवं घर होतं, आणि त्या घराच्या गच्चीवरून साखर कारखान्याचं धुराडं सरळ समोर दिसायचं. तपासणी सकाळीच, पूजा झाल्यावर, ऊन पाठीमागे असताना. आयपीस हातात आला की ती तो आधी डाव्या तळहातावर ठेवायची आणि नुसता बघत बसायची. मग भिंगात आपल्या खिडकीचं प्रतिबिंब कसं पडतंय ते बघायची. हिरवट-जांभळं पडलं तर मान हलवायची, पांढरंफक पडलं तर तोंड वाकडं करायची. मग नळकांड्याच्या आतल्या बाजूला बोट घालून बघायची, काळं केलंय की चकचकीत ठेवलंय. कानाशी धरून हळूच हलवायची, भिंग सैल तर नाही ना म्हणून. त्यानंतर छोटी दुर्बीण धुराड्यावर.

‘‘नोडु,’’ ती स्वतःलाच म्हणायची, म्हणजे बघ. धुराडं मधोमध आणायचं, मग हळूहळू कडेला न्यायचं. कडेला जाऊन धुराडं वाकलं की भिंगात खोट. धुराड्याच्या एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला पिवळी किनार दिसली की भिंगात खोट. ‘‘बावड्याचं धुराडं कवा वाकलंय का? मग ह्येच्यात कसं वाकतंय?’’ असा तिचा बिनतोड सवाल असायचा. चष्मा घालून सगळं दिसतंय का, चष्मा काढून दिसतंय का, तेही बघायची. संध्याकाळी पहिल्या ताऱ्यावर शेवटची परीक्षा. मग निकाल. दोनच निकाल होते: ‘चालंल’ आणि ‘न्हाई चालणार’. ‘बरंय’ नाही, ‘तसं ठीक आहे’ नाही.

‘चालंल’ म्हटलेल्या आयपिसाला ती खणाची पिशवी शिवायची. दुकानात उरलेल्या खणाच्या तुकड्यांची, हातानं शिवलेली, आत मऊ मलमल, आणि खणाचा काठ बरोबर पिशवीच्या तोंडाशी येईल अशी. अशी पिशवी असलेला आयपीसच मंडळाच्या पेटीत जायचा. हळूहळू जिल्ह्यातल्या शाळांनाही ते ठाऊक झालं. आम्ही कुठं दुर्बीण घेऊन गेलो की शिक्षक विचारायचे, ‘खणातला आहे ना?’ मला त्या प्रश्नाचा फार अभिमान वाटायचा.

तिची खरी तऱ्हा मात्र पुढं दिसायची, खोट सापडल्यावर. दुसरा कुणी असता तर ‘भिंग वाईट’ म्हणून मोकळा झाला असता. ती म्हणायची, ‘‘खोट हाय ह्ये दिसलं. कुणाची हाय ते दिसाय पायजे.’’ त्यासाठी तिची फिरवाफिरव असायची. ताऱ्याला शेपूट दिसतंय? आयपीस जागच्या जागी फिरवा. शेपूट बरोबर फिरलं तर खोट आयपिसाची. नाही फिरलं तर दुर्बीण तिच्या नळीसकट फिरवा. फिरलं तर आरशाची. तरीही नाही फिरलं तर आपलं डोकं खांद्याकडं वाकडं करा. शेपूट डोक्याबरोबर फिरलं तर मग गप घरी जा, खोट तुमच्या डोळ्याची. हे शास्त्र जगातल्या सगळ्या हौशी लोकांना माहीत आहे, तिनं काही नवीन शोधलं नाही. पण शेवटची पायरी फार थोडे लोक चढतात. आमच्या मंडळात तर ती सोडून कुणीच चढत नव्हतं.

ती चढली ते रफिकच्या आयपिसाच्या वेळी. रफिकनं जुन्या बाजारातून एक फुटकी दुर्बीण घेतली होती, तिचा आयपीस त्यानं खोलून, पुसून, परत बसवला होता. जीव लावून. नीलाक्कानं संध्याकाळी तारा बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘न्हाई चालणार. तारा चिरतोय.’’ रफिकचं तोंड एवढंसं झालं. कुणी उलट बोललं नाही, कारण नीलाक्काचा शब्द म्हणजे शब्द. पुढच्या शनिवारी ती आली ती पदर खोचून, आणि दुर्बिणी लावायच्या आधीच सगळ्यांना गोल उभं केलं.

‘‘रफिकचं भिंग झ्याक हाय,’’ ती म्हणाली. ‘‘घरी जाऊन डोस्कं फिरवून बघितलं, तर शेपूट माझ्याबरं फिरतंय. खोट माझ्या डोळ्यात हाय. मोतीबिंदू धरलाय म्हणं डाक्टर. गेल्या शनिवारचा माझा शब्द मी मागं घेतो. रफिक, बाबा, राग धरू नको.’’

तिनं रफिकच्या हातात पिशवी ठेवली. एवढी सुंदर पिशवी तिनं आधी कुणासाठी शिवली नव्हती. त्यानंतर तिनं क्रमच उलटा केला. आधी स्वतःचं डोकं फिरवायचं, दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघायचं, मग भिंगाला हात. ‘‘पयलं डोस्कं,’’ ती म्हणायची. ऑपरेशन मात्र टाळत राहिली. लग्नसराई झाल्यावर करू, दिवाळी झाल्यावर करू. दुकानदाराच्या आयुष्यात मोकळा महिना येत नाही.

मला वाटायचं, जिनं सगळ्यांसमोर आपल्या डोळ्याची खोट सांगितली तिच्या शब्दाचं वजन त्यामुळे वाढेल. मी भाबडा होतो. असल्या कबुलीचं लोक काय करतात ते मला नंतर कळलं. ते ती जपून ठेवतात.

बापूसाहेब बांधकामवाले. बावड्याकडच्या नव्या इमारतींतल्या बऱ्याच त्यांच्या. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. वडलांच्या स्मरणार्थ त्यांनी गगनबावडा तालुक्यातल्या शाळांना छोट्या दुर्बिणी द्यायचं ठरवलं आणि मंडळाच्या हाती काम सोपवलं. दुर्बिणी आल्या, बऱ्या होत्या. त्यांच्याबरोबर आलेले आयपीस रिवाजाप्रमाणे नीलाक्काकडं गेले. तिनं ते एकेक करून बघितले. आतून चकचकीत नळी, भिंगं प्लॅस्टिकची, धुराडं केळ्यासारखं वाकलेलं, आणि ताऱ्याला शेपूट. तिनं दोन्ही डोळ्यांनी बघितलं, डोकं फिरवून बघितलं. शेपूट आयपिसाबरोबर फिरत होतं.

‘‘न्हाई चालणार,’’ तिनं मंडळाच्या बैठकीत सांगितलं. ‘‘एकबी न्हाई. बापूसाहेबास्नी सांगा, दुकानदारानं फशीवलंय, बदलून घ्या म्हणावं.’’

सांगायला काय हरकत होती? बापूसाहेबांनी एका फोनवर बदलून आणले असते. पण आमचे अध्यक्ष, वकीलसाहेब, खुर्चीत चुळबुळ करायला लागले. दात्याला कसं सांगायचं? त्यांना काय वाटेल? कार्यक्रम ठरलाय, पत्रिका वाटल्यात. कोल्हापूरचा माणूस तोंडावर बोलतो म्हणे. भाजीवाल्याला बोलतो, रिक्षावाल्याला बोलतो, पाव्हण्याला जेवताना बोलतो. समोर दाता आला की ह्याच माणसाच्या तोंडात गुळाचा खडा जातो. मी त्या बैठकीत तावातावानं बोललो, रफिकही बोलला. वकीलसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग उलटतपासणीच्या आवाजात म्हणाले, ‘‘अक्कांचा अनुभव आम्ही मानतोच. पण त्यांच्या डोळ्यात दोष आहे, हे खुद्द त्यांनीच आपल्या सर्वांसमोर कबूल केलेलं आहे. रफिकभाईंच्या वेळी. बरोबर ना अक्का?’’

नीलाक्का त्यांच्याकडं बघत राहिली. तिचा आवाज मी तेवढ्या एकदाच खाली आलेला ऐकला. ‘‘बरोबर हाय,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तर डोस्कं फिरवून बघितलं. तुमी फिरवून बघितलंसा का?’’

कुणीच बघितलं नव्हतं. त्या खोलीत एकानंही आयपिसाला डोळा लावलेला नव्हता, आणि निर्णय मात्र हात वर करून झाला. आजही ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते. जिनं आधी स्वतःवर बोट ठेवलं तिच्यावरच सगळ्यांनी बोट ठेवलं, आणि ते बोटही तिचंच उसनं घेतलेलं.

पंधरवड्यानं वकीलसाहेबांनी तिला निरोप पाठवला, ‘अक्का, तुमच्या मनासारखं केलंय, कार्यक्रमाला या.’ तिला वाटलं, बदलले. मलाही तसंच वाटलं. गगनबावड्याला जाताना जीपमध्ये ती एवढी खुशीत होती की अख्ख्या रस्त्यानं कानडी गाणं गुणगुणत होती. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेतलं होतं, सगळ्या मंडळाला पुरेल एवढं.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. फेटे, शाली, नारळ, सगळं रीतसर. थंडीचे दिवस, त्यामुळे घाटमाथ्यावरचं आकाश स्वच्छ. वकीलसाहेबांनी माइकवरून पुकारलं की आता नीलाक्कांच्या हस्ते आयपीस प्रदान होतील, आणि एकानं तिच्यापुढं ताट धरलं. ताटात खणाच्या पिशव्या होत्या.

तिनं एक उचलली. उलटी करून बघितली. खण अस्सल होता, पण काठ तळाला गेला होता. आत मलमल नव्हती. शिवण मशीनची होती. कुठल्यातरी शिंप्याकडून तिच्या पिशवीची नक्कल करून घेतली होती. तिनं आयपीस बाहेर काढला, तळहातावर ठेवला, आणि तिला कळलं. मलाही तिच्या तोंडाकडं बघून कळलं. आयपीस तेच होते. मनासारखं केलं होतं ते फक्त पिशव्यांचं, कारण पिशवी दिसली की शाळा काही विचारत नाहीत.

मला वाटलं ती आता तोफ डागणार. तिनं तसं काही केलं नाही. पहिल्या मुख्याध्यापिका पुढं आल्या, नीलाक्कानं त्यांच्या ओंजळीत नुसता आयपीस ठेवला आणि पिशवी आपल्याकडं ठेवली. ‘‘भिंग त्यांचं हाय, घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘पिशवी माझी म्हणून दिलीया, ती मी ठेवतो.’’ फोटोग्राफरनं क्लिक केलं. तोच तो फोटो. पुढचे आले, त्यांनाही तसंच. लोकांना वाटलं हा काही विधी असेल. टाळ्या वाजत होत्या.

ताट रिकामं झाल्यावर ती बापूसाहेबांपाशी गेली. ‘‘पावणं, जरा भाईर या.’’ दिवस मावळला होता, पश्चिमेला शुक्र दिसायला लागला होता. शाळेची नवी दुर्बीण पटांगणात लावलेली होतीच. तिनं कमरेच्या पिशवीतून आपला आयपीस काढला, लावला, आणि म्हणाली, बघा. बापूसाहेबांनी फेटा सावरत बघितलं. ‘‘आयला, अर्ध्या चंद्रागत दिसतोय की.’’ मग तिनं मुख्याध्यापिकांच्या हातातला, बापूसाहेबांनी दिलेला आयपीस लावला. ‘‘आता?’’

‘‘पसरलाय. शेपूट आलंय.’’

‘‘भिंग फिरवा.’’

‘‘फिरलं की शेपूट.’’

‘‘आता डोस्कं वाकडं करा.’’

बापूसाहेबांनी फेट्यासकट मान खांद्याला टेकवली. ‘‘शेपूट तितंच हाय.’’

‘‘मग खोट कुणाची?’’

त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. ते वळून वकीलसाहेबांना म्हणाले, ‘‘काय ओ, ह्ये काय?’’ आणि वकीलसाहेब पुढं झुकून म्हणाले, ‘‘तसं काही नाही साहेब. अक्कांच्या डोळ्याला जरा मोतीबिंदू आहे, त्यामुळे त्यांचा गैरसमज झालाय.’’

आता बघत होते कोण? बापूसाहेब. डोळा कुणाचा? बापूसाहेबांचा. त्यांनी फक्त एवढं म्हणायला पाहिजे होतं की अरे, मीच बघतोय. पण मागं सगळा मंडप उभा होता, दुर्बिणींवर वडलांचं नाव कोरलेलं होतं. बापूसाहेबांनी डोळे चोळले आणि हळूच म्हणाले, ‘‘माझाबी नंबर वाढला असंल म्हणा.’’ लगेच मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यांनाही हल्ली अंधारात नीट दिसत नाही. एका सभासदाला आपला चष्मा जुना झाल्याची आठवण झाली. बघता बघता सगळ्या गगनबावड्याचे डोळे वाकडे झाले. एका भिंगाला वाईट म्हणायला नको म्हणून.

‘‘साकु,’’ नीलाक्का म्हणाली. पुरे. तिनं आपला आयपीस काढून घेतला, कमरेच्या पिशवीत ठेवला, आणि जीपमध्ये जाऊन बसली. परतीच्या वाटेवर ती सगळ्या खोट्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. मी रागानं काहीबाही बडबडत होतो. कळे गावाच्या पुढं आल्यावर तिनं डबा उघडला आणि भाकरी माझ्या हातात दिली. ‘‘खा,’’ म्हणाली. ‘‘उपाशीपोटी राग काढू नये, वाया जातोय.’’

तिला मंडळातून कुणी काढलं नाही. आमचे लोक हुशार आहेत. तिला मार्गदर्शिका केलं. मार्गदर्शक केलं की माणसाला काही विचारावं लागत नाही. आयपीस तिच्याकडं जाणं बंद झालं.

फेब्रुवारीत मला एका शाळेतून फोन आला. शिक्षक नवीन होते, उत्साही होते. म्हणाले, ‘‘सर, मुलांनी दुर्बिणीतून शुक्र बघून चित्रं काढली आहेत. सगळ्यांनी शेपटी काढलीय. पुस्तकात तर तशी नाही. मग पुस्तक चुकलंय का?’’ मी त्यांना काय सांगायचं ते सांगितलं आणि माझ्याकडचा एक आयपीस पाठवून दिला, त्यांच्याकडचा मागवून घेतला. पण बाकीच्या शाळांचं काय? मी तडक दुकानात गेलो आणि नीलाक्काला हे सांगितलं. ती एका गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवत होती. तिचे हात थांबले.

‘‘पोरं शेपूट काढत्यात?’’

‘‘सगळीच, अक्का.’’

तिनं लुगडं अर्धवट तसंच टाकलं, मुलाला हाक मारली आणि म्हणाली, ‘‘डाक्टरला फोन लाव. लग्नसराई गेली खड्ड्यात.’’ मला वाटलं भोवळबिवळ आली की काय. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘माझा डोळा धरून बसल्यात न्हवं? तो त्यांच्या हातातनं काढून घेतो.’’

ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली, थेंब घालायचे दिवस संपले, आणि डॉक्टरांनी दुर्बिणीला डोळा लावायची मोकळीक दिली, तसा तिचा मला निरोप आला, सकाळी बावड्याला ये. त्यानंतर तिच्या सांगण्यावरून मी मंडळात जे बोललो त्यावर वकीलसाहेब ‘बघू, पावसाळा होऊन जाऊ दे’ म्हणाले. आषाढात नीलाक्का झोपेतच गेली, आणि वकीलसाहेबांनी तातडीनं केलेली एकच गोष्ट म्हणजे हा फ्लेक्स. शाळांमध्ये आयपीस अजून तेच आहेत. रफिक आणि मी जमेल तसे बदलतोय. खोट्या पिशव्यांची शिवण उसवून, नीट शिवून, काठ तोंडाशी आणून त्यात देतोय. तेवढं शिवणकाम मी आता शिकलोय.

पण मला तिची आठवण येते ती त्या सकाळची. पूजा झाली होती, भस्म ताजं होतं. कारखान्याचा हंगाम संपत आला होता तरी धुराड्यातून थोडा धूर निघत होता. दुर्बीण बाजूला ठेवून ती कठड्याशी नुसतीच उभी होती. डावा डोळा हातानं झाकलेला, आणि नव्या डोळ्यानं ती धुराड्याकडं बघत होती. मग तिनं मान सावकाश एका खांद्याकडं वाकडी केली, मग दुसऱ्या. डॉक्टरनं तिच्या डोळ्यात बसवलेलं भिंग ती तपासत होती.

‘‘सरळ हाय,’’ ती म्हणाली. ‘‘किनारबी न्हाई. चालंल.’’ पायरीवर एक नवी खणाची पिशवी ठेवलेली होती, लांबट, चष्म्याच्या मापाची. ती डॉक्टरांसाठी होती.

मग तिनं दुर्बीण पुढं ओढली आणि हात पसरला. मी खिशातून शाळेचा आयपीस काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवला. ती त्याच्याकडं थोडा वेळ बघत राहिली. लावला, धुराड्यावर नेला, कडेला सरकवला, फिरवला. डोकं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला. मग डोळा बाजूला घेतला, आयपीस माझ्या हातात परत दिला आणि पदरानं डोळ्याची कड टिपली.

‘‘वकिलाला जाऊन सांग,’’ ती म्हणाली. ‘‘डोळा नवा हाय. भिंग त्येच हाय.’’